रिसिव्हरचा कॉर्नरबॅक : शेवटच्या वर्षी जागा बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत आता इतकी मराठी घरं झाली आहेत की गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आठवडाभर आधीच बंद होतात. त्यातल्याच एका घरातल्या मुलाचं हे प्रकरण आहे. काळ २०२४च्या वसंतापासून २०२५च्या उन्हाळ्यापर्यंतचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मजकूर घरच्यांनी वाचला आहे आणि मुलानेही.

मी त्याच संघातल्या दुसऱ्या एका मुलाचा बाप. सामन्यांचं चित्रीकरण आम्ही पालकांनी वाटून घेतलं होतं, त्यात गोलपोस्टामागचा उंच कॅमेरा माझ्याकडे असायचा. त्या कोनातून बॉल कमी आणि पाय जास्त दिसतात. या प्रकरणातला बराचसा मामला पायांचाच असल्यामुळे लिहायचं धाडस करतोय.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. मैदानावर एका वेळी ११ विरुद्ध ११ असतात, पण हल्ल्याचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. बॉलचा ताबा बदलला की सगळा ताफाच बदलतो. रिसिव्हर हा हल्ल्याचा गडी. ठरलेल्या मार्गाने सुसाट पळायचं, ठरलेल्या जागी वळायचं आणि पास झेलायचा. त्याच्यासमोर बचावाचा कॉर्नरबॅक उभा असतो. पुढचा कुठे वळणार हे त्याला ठाऊक नसतं, पहिली काही पावलं उलटी धावायची असतात, आणि पास पूर्ण झालाच तर झेलणाऱ्याला तिथेच खाली पाडायचं असतं. टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणं) केल्यावर लाउडस्पीकरवर रिसिव्हरचं नाव घेतात. कॉर्नरबॅकचं नाव पंचाने दंड दिला की कळतं.

आमच्या मुलाची उंची पाच फूट दहा इंच, वजन १६५ पौंड, अंगात चपळाई भरपूर. आठवीत क्रिकेट सोडून फुटबॉलला आला. नववी ते अकरावी रिसिव्हर होता. अकरावीत मुख्य संघात, म्हणजे व्हर्सिटीत, तिसरा-चौथा रिसिव्हर म्हणून त्याला बऱ्यापैकी खेळायला मिळालं. बचावाच्या बाजूला तो एकदाही उभा राहिला नव्हता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

अडचण

२०२४च्या जानेवारीत दुसऱ्या राज्यातून एक मुलगा शाळेत आला. वडिलांची बदली झालेली. तोही रिसिव्हर, चार इंच उंच आणि शंभर मीटरमध्ये स्पष्टपणे वेगवान. त्याच सुमारास दोन्ही कॉर्नरबॅक बारावी संपवून चालले होते आणि त्यांच्या मागे तयार कोणी नव्हतं. एप्रिलमध्ये बचावाच्या कोचने मुलाला बोलावलं. रिसिव्हर राहिलास तर पाचवा असशील, कॉर्नरला आलास तर पहिल्या सामन्यापासून खेळशील, असं सरळ सांगितलं.

मुलगा दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांना म्हणाला, ‘मला खाली ढकलतायत.’

बाबा मूळचे सांगली जिल्ह्यातले, शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेले. त्यांना तो सूर लगेच ओळखू आला. ते स्वतः आधी चढाईला जायचे आणि गुडघा दुखावल्यावर डाव्या कोपऱ्यावर आले. चढाईपटूच्या नावाने शिट्ट्या वाजतात, कोपरारक्षकाची पकड जमली तर शाबासकी अख्ख्या साखळीला मिळते. तरी ते मुलाला म्हणाले, ‘अरे, चढाई करून आलेल्यालाच कळतं की चढाईवाला घाबरतो कधी.’ मुलाला ते तेव्हा पटलं नाही. कबड्डीचे किस्से लहानपणापासून ऐकून ऐकून तो कंटाळला होता.

आईचा प्रश्न वेगळा होता. ती फार्मसिस्ट आहे, रोज डोकेदुखीची आणि झोपेची प्रिस्क्रिप्शनं बघते. रिसिव्हरला मार बसतो, पण टॅकल, म्हणजे बॉल घेतलेल्याला धडकून खाली पाडणं, त्याला क्वचितच करावं लागतं. कॉर्नरबॅकला प्रत्येक सामन्यात अनेकदा, पूर्ण वेगात, आपल्यापेक्षा चाळीस पौंड जास्त वजनाच्या रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्याला, पाडावं लागतं. ‘सतराव्या वर्षी हे नव्याने शिकणार?’ असं तिने विचारलं, आणि तो प्रश्न कुणीच नीट हातात घेतला नाही.

समोर काय काय होतं

कोचच्या खोलीत मुख्य कोच, बचावाचे कोच, मुलगा, आई-बाबा आणि काका म्हणून मी, अशी बैठक झाली. मला बोलावण्याचं कारण एवढंच की चित्रफिती माझ्याकडे होत्या.

शाळा बदलण्याचा विचार पाच मिनिटांत संपला. टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा यूआयएल ही संस्था चालवते. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर किमान एक वर्ष व्हर्सिटी खेळता येत नाही. त्याच्याकडे एकच वर्ष उरलं होतं.

रिसिव्हरच राहून वाट बघायची, हा मुलाचा पहिला कल होता. कोणी जखमी झालं तर जागा मिळेल. दुसऱ्याच्या दुखापतीवर आपला मोसम टांगायचा, हे कोचनेच बोलून दाखवलं आणि मुलगा लाजला.

दोन्ही बाजूंना खेळण्याची त्याची कल्पना मात्र पक्की होती, आणि तिच्यामागे एक माणूस होता. २ सप्टेंबर २०२३ला फोर्ट वर्थमध्ये, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, कोलोरॅडो विद्यापीठाने टीसीयूला, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला, ४५-४२ असं हरवलं होतं. त्या उकाड्यात कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर रिसिव्हर म्हणूनही खेळला आणि कॉर्नरबॅक म्हणूनही. ११ झेल, ११९ यार्ड, वर एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा पास मध्येच झेलून घेणं. आमच्या गावातल्या प्रत्येक शाळकरी मुलाने तो सामना तोंडपाठ केला होता. मुख्य कोचने वाद घातला नाही. दोनच आठवड्यांनी त्याच हंटरच्या यकृताला मैदानावर इजा झाली आणि तो तीन सामने बाहेर बसला, एवढी आठवण करून दिली. मग म्हणाले की छोट्या गावातल्या शाळेत तू दोन्ही बाजूंना खेळलाच असतास, तिथे पोरंच कमी असतात. इथे दोन्हीकडे ताजा गडी असताना मी थकलेला का उतरवू?

हा मुद्दा जाता जाता आला, पण मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच दिसतं. टेक्सासमध्ये पटसंख्येनुसार शाळांचे वर्ग पाडलेले आहेत आणि आमची शाळा सर्वांत मोठ्या, ६ए वर्गातली. अगदी लहान शाळांमध्ये तर सहा-सहा जणांचं फुटबॉल चालतं. तिथला पोरगा पास झेलतो, टॅकल करतो, लाथ मारतो, सगळं करतो. मोठ्या शाळेत नववीतच एका खणात ठेवलं जातं. मराठी आई-बाप घर घेताना शाळांचे गुणांक बघून हीच मोठी डिस्ट्रिक्ट निवडतात. त्यात गैर काही नाही, पण खेळाच्या बाजूने त्याची किंमत ही अशी असते.

जागा बदलण्याच्या बाजूने बचावाचे कोच तीन नावं घेऊन आले होते. चार्ल्स वुडसन ओहायोच्या फ्रेमॉन्ट रॉस शाळेत रनिंग बॅक म्हणून गाजला, १९९४चा राज्याचा ‘मिस्टर फुटबॉल’ ठरला, आणि १९९७मध्ये मिशिगनचा कॉर्नरबॅक म्हणून हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. मुख्यतः बचावात खेळणाऱ्याला ती तोवर कधीच मिळाली नव्हती. जे. जे. वॉट टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा हल्ल्याचा गडी) म्हणून सेंट्रल मिशिगनला गेला, तिथली स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिनमध्ये स्कॉलरशिपशिवाय दाखल झाला, बचावाच्या रांगेत उभा राहिला आणि ह्यूस्टन टेक्सन्सकडून २०१२, २०१४ आणि २०१५ असा तीनदा एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०१४मध्ये त्याच वॉटने हल्ल्याला उतरून तीन टचडाउन पासही झेलले.

तिसरं नाव रिचर्ड शर्मनचं. कॉम्प्टनच्या डोमिंगेझ हायस्कूलमधून तो स्टॅनफर्डला रिसिव्हर म्हणून गेला. ६ ऑक्टोबर २००७ला स्टॅनफर्डने ४१ गुणांनी हरणार अशी पैज लागलेली असताना यूएससीला २४-२३ असं हरवलं, त्यात शेवटच्या मिनिटांत चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीत, वीस यार्ड हवे असताना पास झेलला तो शर्मनने. २००८मध्ये गुडघा गेला, परत आला तो कॉर्नरबॅक होऊन. २०११मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सने त्याला खेळाडू निवडीच्या (ड्राफ्टच्या) पाचव्या फेरीत, १५४व्या क्रमांकावर घेतलं, आणि तीन वर्षांत तो लीगमधला पहिल्या रांगेतला कॉर्नर होता. मुलाचे डोळे चमकले.

बाबांनी घरी येऊन रात्रभर शर्मनबद्दल वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते मला कोचच्या तिन्ही नावांपेक्षा मोलाचं वाटलं. ‘शर्मन सहा फूट तीन इंच. शाळेत तो बचावातही खेळलेला. कॉलेजात बदल केल्यावर त्याला २००९ आणि २०१० अशी दोन पूर्ण वर्षं मिळाली. आपल्याकडे उंची नाही, आधीचा सराव नाही, वर्ष एक. मग उदाहरण कुठं लागू पडतं?’ वुडसनही शाळेत दोन्ही बाजूंना खेळायचा. शाळेत हल्ला गाजवून पुढे बचावात मोठे झालेले जे खेळाडू आपण ऐकतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेतच टॅकल करायला शिकून घेतलेलं असतं. वर्तमानपत्रात टचडाउन छापून येतात, म्हणून आपल्याला अर्धीच गोष्ट कळते.

फुटबॉल सोडून देण्याचा पर्याय आईने मांडला. ट्रॅक चालू ठेव, अभ्यास कर. बैठकीत त्यावर कोणी बोललं नाही. जूनमध्ये ग्रँड प्रेरीच्या मैदानावर अमेरिकेने टी-२० विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ती ओव्हर मुंबईच्या सौरभ नेत्रवळकरने टाकली, तेव्हा आई अर्धी गमतीत म्हणाली, ‘बघ, क्रिकेट सोडलं नसतंस तर!’ हसण्यावारी गेलं.

काय ठरलं

मुलाने कॉर्नरला होकार दिला. त्याच्याच शब्दांत, ‘बेंचवर बसून रिसिव्हर म्हणवून घेण्यापेक्षा खेळलेलं बरं.’ बाबांनी दोन अटी घातल्या. अटीतटीच्या वेळी त्याला रिसिव्हर म्हणून उतरवू असं तोंडी आश्वासन देऊन झुलवू नये, आणि टॅकल शिकवायचा वेगळा वेळ द्यावा. पहिली अट कोचने पाळली. दुसरीचं काय झालं ते पुढे येतं.

मे महिन्यात स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये शिकवणी सुरू झाली. जे मला अवघड वाटत होतं, ते त्याला पटकन जमलं. रिसिव्हरचे मार्ग आकड्यांनी ओळखले जातात. दोन म्हणजे आतला तिरपा स्लँट, पाच म्हणजे बाहेर वळणारा आऊट, आठ म्हणजे गोलपोस्टाकडे झुकणारा पोस्ट, नऊ म्हणजे नाकासमोर सरळ. हे सगळे तो तीन वर्षं धावला होता. आऊटला वळायच्या आधी रिसिव्हर कंबर किंचित खाली घेतो, नऊला घेत नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही, कारण ती कंबर तो स्वतः खाली घेत आला होता. बचावाचे कोच त्याला सांगत, डोळ्यांकडे बघू नको, खांद्यांकडे बघू नको, कमरेकडे बघ. तो आधीच तिकडेच बघत होता.

उलटं धावणं मात्र कच्चं होतं. माझ्या फितीत दिसायचं की मागे सरताना त्याची टाच आधी टेके आणि धड ताठ होई. मग वळायला एक पाऊल जास्त लागे. ते एक पाऊल म्हणजे दोन यार्ड. जूनच्या मध्यापर्यंत तेही सुटलं.

आणि इथेच गफलत झाली. उन्हाळ्यात टेक्सासभर सात-सात जणांचं ७-ऑन-७ खेळतात, त्याची राज्य स्पर्धा कॉलेज स्टेशनला होते. त्यात पॅड नसतात, टॅकल नसतं. हात लावला की खेळ थांबतो. फक्त पास टाकायचे आणि अडवायचे. अशा खेळात आमचा मुलगा चमकला. एका दुपारी दोन इंटरसेप्शन घेतली. मुख्य कोच पालकांना सांगत सुटले की हा मुलगा जन्मजात कॉर्नर आहे. टॅकल शिकवण्यासाठी राखून ठेवायचा वेळ जुलैमध्ये हळूहळू पास अडवण्याच्या सरावात गेला, कारण तिथे निकाल दिसत होता. कोणी ठरवून केलं नाही. जे छान चाललंय त्याचाच आणखी सराव करावासा वाटतो, इतकंच.

ऑगस्टमध्ये पॅड चढले तेव्हा वेळ उरला नव्हता. मोसम सुरू झाल्यावर यूआयएलच्या नियमाप्रमाणे एका खेळाडूला आठवड्यात ९० मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण धडकेचा सराव देता येत नाही. नियम २०१३पासून आहे आणि योग्यच आहे. डोकी वाचवण्यासाठीच तो आणला. पण ज्याने बालपणापासून टॅकल केलं आहे त्याला ९० मिनिटं पुरतात. ज्याला मुळाक्षरं गिरवायची आहेत, त्याला ती वेळ धडक न देता, पिशव्यांवर आणि गुडघ्यांवर बसून, उन्हाळ्यातच द्यावी लागते.

मोसम

पहिल्या तीन सामन्यांत त्याच्या बाजूने एकही लांब पास पूर्ण झाला नाही. प्रतिस्पर्ध्यांनी फिती बघितल्या आणि चौथ्या सामन्यापासून पास टाकणंच सोडलं. त्याच्या बाजूने धावायला सुरुवात केली. रनिंग बॅक बाहेर येई, आमचा मुलगा योग्य जागी पोचे आणि शेवटच्या क्षणी डोकं खाली घालून हातांनी कवटाळायला जाई. कधी सुटे, कधी ओढत नेलं जाई. त्या चौथ्या सामन्याच्या रात्री त्याच्या हातून निसटलेल्या टॅकलवर दोन टचडाउन झाले.

पाचव्या सामन्यात त्याने डोकं चुकीच्या बाजूला घातलं. धावणाऱ्याच्या पुढून डोकं नेलं की मांडी सरळ कानशिलावर बसते. उठला, आपल्या जागी गेला, पण पुढच्या डावाची खूण त्याने चुकीच्या हाताने दिली. हे माझ्या कॅमेऱ्यात नंतर दिसलं. सामना चालू असताना ते टिपलं खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या, शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरने. ती धावत आत गेली, त्याला बाहेर आणलं आणि त्याचं हेल्मेट स्वतःच्या हातात धरून ठेवलं. मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणत राहिला. बचावाच्या कोचनेही दोनदा तिच्याकडे बघितलं. तिने हेल्मेट दिलं नाही.

टेक्सासमध्ये २०११पासून नताशाज लॉ आहे. कन्कशनची (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेची) शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं, त्याच दिवशी परत पाठवायचं नाही, आणि पुढे डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय व पालकांच्या सहीशिवाय मैदानात उतरवायचं नाही. आईने सही द्यायला वेळ घेतला. डॉक्टरांचं पत्र आल्यावरही चार दिवस कागद फ्रिजवर लावून ठेवला होता. मुलगा दोन सामने बाहेर बसला.

त्या दोन आठवड्यांत जे घडलं ते खरं तर मे महिन्यात घडायला हवं होतं. धडकेची परवानगी नव्हती, म्हणून ट्रेनर आणि कोचने मिळून त्याला हलक्या हालचालींपासून पायरी-पायरीने वर आणलं, आणि वरच्या पायऱ्यांवर आल्यावर घरंगळणाऱ्या रबरी कड्यावर खांद्याने टॅकल करायला लावलं. शर्मन असतानाच्या सीहॉक्स संघाने २०१४मध्ये रग्बीच्या धर्तीवरचं खांद्याचं टॅकल शिकवणारी फीत शाळा-कॉलेजांसाठी खुली केली होती, तीच दाखवली. डोकं पाठीमागच्या बाजूला, जवळचा खांदा मांडीवर, दोन्ही हात पायांभोवती, आणि मग लोळण.

बाबा शेजारी उभे राहून ती फीत बघत होते. ‘हा तर पट काढतोय,’ म्हणाले. त्या रविवारी घरामागच्या हिरवळीवर बाप-लेक गुडघ्यांवर बसून पट काढायचा सराव करत होते, शेजारचं अमेरिकन कुटुंब कुंपणावरून बघत होतं. मुलाने कबड्डीबद्दल आपणहून प्रश्न विचारला तो पहिल्यांदा. उतावीळ होऊन झेप घ्यायची नाही, चढाईवाल्याचं वजन एका पायावर येईपर्यंत थांबायचं, हे बाबांनी शिकवलं. बचावाच्या कोचची आणि त्यांची त्या एका मुद्द्यावर नंतर चांगली जमली.

निकाल

आठव्या सामन्यापासून मोसम संपेपर्यंत तो खेळला. टॅकल अजूनही सुंदर नव्हते, पण सुटत कमी होते. मोसमात एकूण तीन इंटरसेप्शन. संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत हरला. डिसेंबर २०२४मध्ये ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन मिळाली तेव्हा घरात थोडी चिडवाचिडवी झाली.

पुढच्या शिक्षणासाठी तीन दारं उघडी होती. एका मोठ्या विद्यापीठाने कॉर्नरबॅक म्हणून ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ची तोंडी जागा देऊ केली, म्हणजे स्कॉलरशिप नाही पण संघात स्थान. दोन लहान डिव्हिजन ३ (कॉलेज खेळांची तिसरी पातळी) कॉलेजांपैकी एकाला तो रिसिव्हर म्हणून हवा होता, दुसऱ्याला बचावात. डिव्हिजन ३मध्ये खेळाची स्कॉलरशिप देताच येत नाही. अभ्यासावर मिळते ती. मोठ्या विद्यापीठाच्या जागेवर मुलगा भाळला होता. मग २०२५च्या सुरुवातीला तिथून फोन आला. खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या मोठ्या दाव्यात जी तडजोड होऊ घातली होती, तिच्यात फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा होती. विद्यापीठं आधीच वॉक-ऑन मुलं कमी करू लागली होती. तडजोडीला न्यायालयाची अंतिम मंजुरी जूनमध्ये मिळाली, आमच्या मुलाची जागा त्याच्या कितीतरी आधी गेली.

त्याने डिव्हिजन ३मधलं दुसरं कॉलेज घेतलं. तिथला इंजिनिअरिंगचा विभाग चांगला होता आणि अभ्यासाची मदत जास्त मिळत होती. बचावात खेळायचं हे त्याने त्यानंतर ठरवलं. रिसिव्हर म्हणून बोलावणाऱ्या कॉलेजला त्याने नकार कळवला तेव्हा बाबांनी दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’ तो म्हणाला, ‘तिकडे परत मला कुणीतरी उंच येईल याची भीती वाटत राहील.’

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा प्रश्न २०२४चा नाहीच. बचावाच्या कोचनी नंतर गप्पांत सांगितलं की दहावीतच या मुलाचे पाय बघून तो कॉर्नरला शोभेल असं त्यांना वाटलं होतं. पण त्या वर्षी रिसिव्हर कमी होते, म्हणून हल्ल्याच्या कोचने त्याला सोडलं नाही, आणि घरी कोणी काही बोललं नाही. दहावीत ज्युनिअर व्हर्सिटीच्या, म्हणजे दुय्यम संघाच्या, सामन्यांत चार-चार डाव बचावात दिले असते तरी टॅकलची मुळाक्षरं तेव्हाच गिरवून झाली असती. संघाची त्या वर्षाची गरज आणि मुलाची पुढची वाट यांत संघ जिंकला. शाळेने आता नववी-दहावीच्या मुलांना वसंतात दोन्ही बाजूंचं टॅकल शिकवायला सुरुवात केली आहे. हे चांगलं आहे, जरी आमच्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

७-ऑन-७मधल्या यशावरून बचावपटूबद्दल काही ठरवायचं असेल, तर तो पास अडवू शकतो एवढंच ठरवावं. जुलैमध्ये कोणीतरी, पालकांपैकी कोणीही, ‘टॅकलचा वेळ कुठे गेला?’ असं विचारायला हवं होतं. अट घालून पाठपुरावा न करणं हे आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगपासून सगळीकडे चालतं.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं देण्याबद्दल माझं मत बरंच कडक झालं आहे. वुडसन, वॉट, शर्मन ही नावं मुलाला उभारी द्यायला ठीक आहेत. निर्णय घ्यायला ती वापरली की अडचण होते, कारण त्यांच्यासारखीच जागा बदलून जे कुठेच पोचले नाहीत, त्यांची फीत कोणी दाखवत नाही. बाबांनी केलं तसं उदाहरणाची उंची, आधीचा सराव आणि हाताशी असलेली वर्षं मोजून बघावीत.

वॉक-ऑनच्या तोंडी शब्दावर मुलाने दोन महिने घालवले. त्या काळात तिसऱ्या एका कॉलेजच्या अर्जाची तारीख निघून गेली. लेखी येईपर्यंत बाकीची दारं उघडी ठेवायला हवी होती.

आणि आईचा पाचवा पर्याय. ट्रेनरने हेल्मेट धरून ठेवलं म्हणून निभावलं, असं ती आजही म्हणते, आणि फुटबॉल सोडण्याबद्दल त्या बैठकीत नीट चर्चा झाली असती तरी मुलगा कदाचित खेळलाच असता, पण टॅकलच्या तयारीशिवाय कोणी त्याला मैदानात जाऊ दिलं नसतं, असं तिचं म्हणणं आहे. मला ते पटतं. मुलगा आता अठरा वर्षांचा आहे, त्यामुळे कॉलेजच्या कागदांवर तिची सही लागत नाही. तरी ऑगस्टमध्ये त्याला सोडायला गेली तेव्हा तिने तिथल्या ट्रेनरला गाठून तीन गोष्टी विचारल्या : आठवड्याला पूर्ण धडकेचा सराव किती, कन्कशननंतर परत पाठवायचा अंतिम निर्णय डॉक्टरचा की कोचचा, आणि दूरच्या सामन्यांना ट्रेनर बसमधून सोबत जातो की नाही. पहिल्या दोन्हींची उत्तरं तिला आवडली. तिसऱ्याचं अजून लेखी आलेलं नाही, आणि ती दर पंधरा दिवसांनी ईमेल करते.